पोत्यातलं मडकं

“कुणाला सांगणार नाहीस ना?” असं शिदूतात्यांनी मला विचारलं. तेच रामलिंगनं विचारलं, बाजूला बोलावून. दोघांनाही मी मानेनंच नाही म्हटलं होतं. तरी सांगते आहे.

शिदूतात्या आमच्या गावचे हाडवैद्य. सत्तरी ओलांडलेले. त्यांचा नियम साधा होता. मोडलेलं हाड तालुक्याच्या दवाखान्यात, निसटलेलं त्यांच्याकडे. रामलिंग त्यांचा शिष्य, चार वर्षं हाताखाली होता.

तात्यांची शिकवायची रीत जुनी. मडकं पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं आणि वरून दगड हाणायचा. मग पोत्यावरूनच चाचपत, आत न बघता, खापऱ्या जागच्या जागी आणायच्या. रामलिंग बत्तीस खापऱ्यांचं मडकं जुळवायचा. गावभर सांगायचाही.

पण खरा रोगी दारात आला की रामलिंगला तेल गरम करायची आठवण व्हायची. तेल गरम होईपर्यंत तात्यांचं काम आटोपलेलं असायचं.

“पोत्यातलं मडकं वरडत न्हाई, म्हणून तुझं फावतंय,” तात्या म्हणायचे. रामलिंग ते हसण्यावारी न्यायचा. आत मात्र लागायचं, हे त्यानं मला पुढं कधीतरी सांगितलं.

त्या दुपारी तात्या माझ्या शाळेच्या सायकलीवर बसायला शिकत होते. जन्मात कधी बसले नव्हते. कुणी बघू नये म्हणून देवळामागचा माळ, आणि तोही भर उन्हात. मागून सीट मी धरली होती. रामलिंग बाभळीखाली उभा होता. या वयात हे कशाला, असं त्यानं तीनदा विचारलं. तात्यांनी तीनदा ऐकलं नाही.

सायकल छान सरळ चालली होती. मी म्हटलं, “तात्या, सोडते हं.”

तात्यांनी मागं वळून पाहिलं...

रामलिंग पोचला तेव्हा ते सायकलीच्या पलीकडे पडले होते. उजव्या खांद्याची गोलाई नाहीशी झाली होती. आम्ही दोघांनी त्यांना सावलीत आणून उताणं निजवलं. तोंड राखेसारखं झालेलं, पण हूं की चूं नाही.

तालुक्याला नेऊ, मी गाडी बघतो, असं म्हणत रामलिंग उठला. चार पावलं गेला. मग थांबला. मोडलेलं तालुक्याला... आणि निसटलेलं? सूज चढायच्या आत हे ठरायला हवं होतं. तो परत येऊन गुडघ्यांवर बसला.

“तात्या, मोडलंय का निसटलंय?”

“मी आज रोगी हाय. वैद्याला विचार.”

“हितं कोण वैद्य?”

तात्यांनी डोळे मिटून घेतले.

रामलिंगनं तात्यांच्या हाताकडे पाहिलं. ज्या हातानं त्याला सगळं शिकवलं, तोच हात त्याच्यासमोर लुळा पडला होता. आपण चुकलो तर हा हात गेला. मग गावानं कुणाकडं जायचं? माळावर गरम करायला तेलही नव्हतं.

त्यानं खांद्याला बोटं लावली. तात्या कण्हले, आणि चटका बसावा तसा त्यानं हात मागं घेतला.

मग तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, “ओढणी दे.”

ओढणी त्यानं तात्यांच्या खांद्यावर पसरली. आपले डोळे मिटले. वरून चाचपू लागला, हळू, थांबत थांबत, पोत्यावरून चाचपायचा तसा. एकदा सगळं चाचपून झालं, तरी पुन्हा पहिल्यापासून चाचपलं.

“मोडलेलं न्हाई,” तो स्वतःलाच म्हणाला.

त्यानं कोपर धरलं आणि हात संथपणे ओढायला सुरुवात केली. तात्यांचं अंग ताठ झालं. ताठ अंगात खांदा बसत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तात्या अशा वेळी काय करतात, तेही ठाऊक होतं. प्रत्येक रोग्याला ते एकच प्रश्न विचारायचे.

“तात्या, सकाळी काय खाल्लं?”

तात्यांनी डोळे उघडले. “माझंच मला व्हय रं?”

“भाकरी खाल्ली का?”

“खाल्ली.”

“कशासंगं?”

“अंबाडीच्या...”

कट्ट.

“...भाजीसंगं,” तात्या म्हणाले. एक लांब श्वास सोडला, आणि तोंडावर रंग परत आला.

खांदा गोल दिसत होता. तात्यांनी पाची बोटं एकेक करून हलवून पाहिली. घरची माणसं जत्रेतून परत आल्यावर मोजावीत, तशी.

रामलिंगनं माझ्याच ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधला. उद्या तालुक्याला जाऊन हाडाचा फोटो काढून घ्यायचा, असं बजावलं. तात्यांनी निमूट मान हलवली.

मग रामलिंग तिथंच मातीत बसला. हसला. हसता हसता बाहीनं डोळे पुसले. माळावर वारा आहे, हे मला तेव्हा कुठं जाणवलं.

“तात्या,” तो म्हणाला, “भीती गेली माझी.”

तात्यांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरून वर उचललं. बोटं अजून थरथरत होती. दोघं त्या बोटांकडे बघत राहिले.

“मग जमलं कसं?” रामलिंगनं विचारलं.

मी आडवी पडलेली सायकल उभी केली. हँडल जरा वाकडं झालं होतं. तात्या तिच्याकडे बघत होते.

“झोळीतनं हात निघाला की परत बसनार हाय मी,” ते म्हणाले. “पण सीट धरायला तू ये, रामलिंग. ही पोर सोडताना सांगती.”