एका इंग्रजी शब्दाला कल्हई

साहेबाच्या पत्रात ‘कॅप्टिव्हेट’ असा एक शब्द आला आणि कुसवाडी संस्थानचा कारभार दोन दिवस अडून बसला.

साहेब पाहुणचार घेऊन परत गेला होता. तुमच्या तलावानं मला कॅप्टिव्हेट केलं, असं त्यानं कौतुकानं लिहिलं होतं. दुभाषे यादोपंत यांनी अर्थ सांगितला, “भुरळ घातली, सरकार. मन खिळवून ठेवलं.”

“खिळवून म्हणजे?” महाराजांनी विचारलं.

“माणसाचा पाय निघत नाही.”

“आमचा निघतो.”

हे मात्र खरं. महाराज गाण्यातून उठत, कुस्तीतून उठत. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत ते निघाले होते, त्यांना धरून आणावं लागलं होतं.

“जे आम्हाला होत नाही ते आम्ही उत्तरात लिहिणार नाही,” महाराज म्हणाले. “उद्या दुपारपर्यंत आम्हाला हे करून दाखवा. नाहीतर तुम्हाला इंग्रजी येत नाही असं धरू आणि दुसरा दुभाषा आणू.”

पंतांचं वय बासष्ट. इंग्रजी सोडलं तर त्यांना काहीच येत नव्हतं, साधा चहासुद्धा नाही. बिचारे मनातून पार घाबरले आणि तोंड पाडून घरी आले.

दारातल्या चिंचेखाली जैनब कल्हईवाली त्यांच्याच घरची भांडी घेऊन बसली होती. भोवती निम्मी आळी. सगळी माणसं कामाला निघालेली आणि थांबलेली. पंतांनी तिला सगळं सांगितलं.

“एवढंच ना?” ती भाता मारत म्हणाली. “उद्या मुदपाकखान्यातली पातेली चौकात काढून ठेवायला सांगा. पुढचं मी बघते.”

दुसऱ्या दिवशी महाराज पंतांना काढून टाकायला दरबाराकडे निघाले. वाटेत चौक होता आणि चौकात जैनब, शेजारी पंत. तिनं तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला. भस्सकन पांढरा धूर आला. कथलाची कांडी टेकवून तिनं कापसाचा बोळा फिरवला आणि काळ्या पातेल्याच्या पोटात चांदी पसरली.

महाराज थांबले. दुसऱ्या पातेल्याला जवळ आले. पाचव्याला उकिडवे बसले. हुजऱ्यानं डोक्यावर छत्री धरली, तर अंधार होतो म्हणून त्याला हाकललं.

सहावं पातेलं निम्मं झालं आणि जैनबनं सांडशी खाली ठेवली.

“काय झालं?” महाराजांनी विचारलं.

“दुपार झाली, सरकार. पंतांना काढायचं राहिलंय. आपण निघावं.”

“निघतो. हे होऊ दे.”

“हे काय, साधं पातेलं. अर्धं पांढरं, अर्धं काळं. त्यात काय बघायचंय?”

महाराज उठले. चार पावलं गेले. वळून पातेल्याकडे पाहिलं आणि परत येऊन बसले.

“पूर्ण कर म्हणतो ना!”

“करते. पण सरकारांचा पाय का निघेना, तेवढं आधी पंतांना सांगा. त्यांना त्याला इंग्रजी शब्द ठाऊक आहे.”

महाराजांनी पंतांकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि असे हसले की हुजरा घाबरून वैद्यांना बोलवायला निघाला.

“पंत, नोकरी तुमचीच,” ते म्हणाले. “घ्या लिहून. तलावाचं आम्हाला माहीत नाही, पण आज एका पातेल्यानं आम्हाला कॅप्टिव्हेट केलं. जैनब, भाता मार.”

जैनबला सोन्याचं कडं आणि मुदपाकखान्याची कल्हई कायमची मिळाली. अट एकच होती. महाराज परगावी असतील, तर कल्हई करायची नाही.