कासवाच्या चालीचं यंत्र

प्राणी बाजारात घासाघीस करायचे, तेव्हाची गोष्ट. सावळाराम कासवाच्या अंगणात गवत इतकं माजलं होतं की बायको त्यात हरवायची. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं, म्हणून ती नुसतीच "अहो!" अशी हाक मारी, आणि शेजारचे बेडूकराव नि साळिंदरराव ओ देत.

शेवटी दोघं आपोआप चालणारं गवत कापायचं यंत्र घ्यायला माकडाच्या दुकानात गेली. माकडाने सगळ्यात दांडगं यंत्र पुढे केलं.

"नुसता दांडा धरा, शेठ. ढकलायचं नावच नको!"

सावळारामने दांडा धरला, आणि यंत्र त्याला मागच्या कुरणात फरफटत घेऊन गेलं. मागून "अहो! अहो!" ऐकू येत होतं, मग यंत्राच्या आवाजात तेही बुडालं. त्याने घाबरून दांडा सोडला, तेव्हा कुठे यंत्र थांबलं. धापा टाकत तो परतला.

"सगळ्यात हळू चालणारं दाखव."

"शेठ, दिवस मोडेल तुमचा!"

"मोडू दे."

तेव्हापासून सावळाराम यंत्रामागून चाले आणि बायको त्याच्या शेजारून. गवत बोटभरच उरलं, हरवायला जागाच नव्हती. तरी मधूनच ती म्हणे, "अहो!"

"अगं, इथेच तर आहे."

"दिसताय की. म्हणून तर हाक मारली."