हजेरीतल्या अकरा पोरी

शिक्षक संघटनेच्या सानपबाई, गावच्या शाळेतल्या घुगे गुरुजींना घेऊन, थेट बागायतदार रंगनाथरावांच्या कपाशीच्या रानात शिरल्या. तिथं अकरा पोरी मजुरीवर, संकरित बियाण्यासाठी कपाशीच्या कळ्या सोलत होत्या.

"पोरींना शाळेत न्यायला आलोय," बाई म्हणाल्या.

रंगनाथराव हसले. "गुरुजींची हजेरी बघा की! अकराही जणी रोज शाळेत हजर. माझ्या रानात एकही पोरगी नाही."

गुरुजींची मान खाली गेली. पट घटून शाळा बंद पडू नये, म्हणून त्यांनीच ती खोटी हजेरी भरली होती.

"मग भांडणच मिटलं," बाई म्हणाल्या. "ज्या तुमच्या रानात नाहीतच, त्या आम्ही नेल्या तर तुमचं काय कमी होणार? चला गं पोरींनो!"

रंगनाथराव वाटेतून बाजूला झाले, आणि पोरी बाईंच्या मागं निघाल्या.

वर्गात गुरुजींनी अकरा नावं पुकारली. 'हजर' म्हणायचं असतं, हे एकीलाही ठाऊक नव्हतं.