हाकेचा कडा

कळकवाडीच्या पुढे रस्ता संपतो तिथे गाडी लावायची आणि करवंदीच्या जाळ्यांमधून वर चढायचे. थोडे दमायला होते, पण माथ्यावर आलात की समोर एकदम जमीनच संपते. हाच हाकेचा कडा. खाली घळ, घळीपलीकडे गुरे चारायचा सडा, म्हणजे उघडे कातळाचे पठार, आणि सड्यावरून वाडीत यायचे तर घळीला मोठा वळसा घालून यावे लागते. पाहुणे इथे उभे राहतात आणि स्वतःचेच नाव ओरडतात. डोंगराने ते परत दिले की हसतात आणि पुन्हा ओरडतात. वाडीतली माणसे त्यांना अडवत नाहीत. पाहुण्यांना काय माहीत, म्हणतात, आणि दुसरीकडे बघतात.

या वाडीत पाळणा घरी, घुगऱ्या घरी, पण नाव ठेवायचे ते इथे. आई मूल घेऊन कड्यावर उभी राहते आणि अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून त्याचे नाव पलीकडच्या सड्याकडे हाकारते. बाळंतिणीला एवढे चढवतात म्हणून शहरातून आलेल्या सुना कुरकुर करतात, आणि चढतात. यामागे हौसा नावाच्या एका बाईची गोष्ट आहे, असे सांगतात. किती पिढ्यांपूर्वीची, ते विचारू नका. सड्यावर तेव्हा वाघ यायचा, एवढेच सांगतात.

हौसा ही बुधाजीची बायको. तिला मुले व्हायची आणि जायची. पहिल्याचे नाव थाटात ठेवले, आजोबांचे. पावसाळा उतरायच्या आत ते मूल गेले. दुसरी मुलगी झाली, तिला देवीचे नाव दिले. देवी काही धावून आली नाही. तिसऱ्याच्या वेळी जाणत्या बायका म्हणाल्या, वाईट नाव ठेव, म्हणजे ते कोणाला हवेसे वाटणार नाही. म्हणून त्याला उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलून आणले आणि उकिरड्या म्हणू लागले. उकिरड्याही गेला. त्या वेळी हौसाने ऊर बडवला नाही म्हणे. ती नुसती बसून राहिली, आणि बसल्या बसल्या तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. नाव पडले की मूल वरच्याच्या नजरेत येते. चांगले काय आणि वाईट काय, नाव पडायलाच नको.

चौथा मुलगा झाला तेव्हा तिने बारसे होऊ दिले नाही. सासू ओरडली, बुधाजीने डोक्यात राख घालून घेतली, आत्या आवडीने कुंची शिवून घेऊन आली होती ती तशीच परत गेली. हौसाने दार लावून घेतले. आणि ते मूल जगले. रांगले, चालले, खोड्या करू लागले. मग तिला कोण काय समजावणार? वाडी त्याला हौसाचे पोर म्हणायची. ती स्वतः कधी बाळा म्हणायची, कधी सोन्या, कधी माकडा. पण असे तर सगळ्याच आया सगळ्याच पोरांना म्हणतात.

पोराला ते लागायचे. खेळताना बाकीची पोरे एकमेकांना नावाने हाका मारायची आणि याला नुसते ‘ए’. मग तो घरी येऊन विचारायचा.

“आये, मला नाव का न्हाई?”

“हाये की. म्या ठिवलंय जपून. येळ आली की सांगंन.”

“कुनाचं हाये का तसं?”

“कुनाचंच न्हाई. तुजं एकट्याचं हाये.”

हे खोटे नव्हते. तो पोटात असतानाच तिने मनाशी एक नाव योजले होते. नवऱ्यालाही सांगितले नव्हते. भाकऱ्या थापता थापता ती ते मनात घोळवायची, आणि मनातसुद्धा फार वेळ घोळवायला भ्यायची. आपल्या पोराचे नाव तोंड भरून घ्यावे, एवढी साधी गोष्ट तिच्या नशिबात नव्हती.

पोर गुरांमागे जायच्या वयाचे झाले. श्रावण संपत आला होता. वाडीतली पोरे गुरे घेऊन सड्यावर गेली, त्यांच्याबरोबर तोही गेला. दुपार कलली आणि घळीतून धुके वर आले. इथले धुके तुम्ही पाहिलेले नाही. हातातल्या काठीचे टोक दिसत नाही. गुरांना वाट पायाखालची होती, ती परतली. पोरे एका खडकाच्या आडोशाला बसून राहिली. त्यांना शिकवलेच होते तसे. धुक्यात जागचे हलायचे नाही. घरून हाक आली की उठायचे आणि वळशाची वाट धरायची. पण हाक नावाने आली तरच. बिननावाची हाक चकव्याची असते, तिला ओ द्यायची नाही. प्रत्येक आईने हे शिकवले होते. हौसानेही शिकवले होते.

सगळ्या बायका कड्यावर जमल्या. वारा असा की आवाज कोणाचा ते ओळखू येईना, शब्द तेवढे पलीकडे पोचत. एकेक नाव हाकारले गेले, एकेक पोर वळसा घालून धुक्यातून बाहेर आले आणि आईला बिलगले. हौसा हाका मारत होती, “बाळा, ये रं. सोन्या, ये रं माज्या.” तिच्याकडे कोणी आले नाही.

सर्वांत शेवटी आली ठमी. तिच्या आजीची हाक ऐकून ती निघाली, तेव्हा तिने हौसाच्या पोराचा हात धरला होता.

“चल माज्यासंगं.”

“ती हाक तुजी हाये. माजी येईल की. आयेनं ठिवलंय माजं नाव.”

“तुला ठावं तरी हाये का ते?”

“न्हाई. पन जे कुनाचंच न्हाई ते नाव आलं, की समजायचं, माजं.”

एवढे बोलून तो गुडघे पोटाशी घेऊन बसला म्हणे. खुशीत होता. ठमी पुढे म्हातारी झाली, नातवंडांना ही गोष्ट सांगायची, आणि ‘खुशीत होता’ इथवर आली की उठून आत जायची.

ठमीने कड्यावर येऊन हे सांगितले तेव्हा अंधारू लागले होते. बुधाजीने बायकोचे खांदे धरले.

“नाव ठिवलंयस म्हनं त्याचं. मग मार की हाक.”

हौसाने तोंडावर पदर दाबला. “न्हाई घ्यायची. तिघं गेली माजी, नाव पडलं म्हनून.”

“आगं, पोर वाट बघतंय.”

ती नुसती मान हलवत राहिली. बुधाजीने तिला सोडले, चार गडी आणि पलिते घेतले आणि वळशाच्या वाटेला लागला. धुक्यात पलित्याचा उजेड पावलापुढे पडेना. वाट चुकून ते घळीत उतरले. बायका आपापली कुडकुडणारी पोरे घेऊन घरी गेल्या. त्यांना बोल लावता येत नाही.

कड्यावर हौसा एकटी उरली. नाव घेतले तर पोर जाईल, नाही घेतले तर रान त्याला ठेवणार नाही. ती किती वेळ तशी उभी होती कोणास ठाऊक. शेवटी तिने नाव घेतले. इतकी वर्षे दाबून धरलेले ते नाव कसे बाहेर पडले असेल, ते बाईलाच कळेल.

खाली घळीत बुधाजीला ते ऐकू आले नाही. वाऱ्याने ते वरच्या वर नेले. त्याला ऐकू आली ती फक्त ओ. डोक्यावरच्या सड्यावरून आलेली, खणखणीत, आनंदाची ओ. आणि तिच्यामागून पळत्या पावलांचा आवाज. पोराने वळशाची वाट धरली नाही. हाक समोरून आली होती, तो समोर धावला. उजेड होता तेव्हा ती आली असती, तर इतरांसारखा तोही वळसा घालून आला असता. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्याला नावाने बोलावले होते. त्याला घळ आठवली नाही.

बापानेच त्याला वर आणले. हौसा पुढे पुष्कळ वर्षे जगली, हेच वाईट झाले. ती म्हणायची, “म्या नाव घेतलं आन् त्यो गेला.” बायका म्हणायच्या, आधी घेतलं असतंस तर. यातले कुठलेही खरे असले तरी तिच्या पदरात काय पडणार होते? बुधाजी मरेपर्यंत तिला विचारत राहिला, काय हाक मारलीस गं त्याला? तिने सांगितले नाही. वाडीतल्या बायकांनी पाय धरले, तरी सांगितले नाही. आपल्याबरोबर घेऊन गेली.

आजही बारशाला आई नाव हाकारते, तेव्हा जमलेली वाडी बाळाच्या वतीने ओ देते. मग कोणी लगेच खाली उतरत नाही. सगळी जरा वेळ पलीकडच्या सड्याकडे बघत उभी राहतात. त्या पोरालाही एकदा हाक मारावी, असे तिथल्या प्रत्येक बाईच्या मनात येते. काय म्हणून मारायची, ते कोणालाच माहीत नाही.