पिस्टनच्या डोक्यावरचा खळगा

समुद्र अजून वाळूशी गप्पा मारायचा, तेव्हाची गोष्ट. मालवणच्या किनाऱ्यावर जाड चाकांची एक गाडी पळत असे. एकदा तिचं इंजिन जाम झालं, तेव्हा जोकिम मिस्त्रीने त्यात नंतरच्या सालच्या गाडीचा पिस्टन घातला. तो सिलिंडरमध्ये अगदी चपखल बसला.

वर राहणाऱ्या जुन्या व्हॉल्व्हला मात्र धडकी भरली. नव्या पिस्टनचं डोकं उंच होतं.

"पोरा, तू वर आलास की मी हवा आत घ्यायला खाली येतो," तो म्हणाला. "जरा डोकं सांभाळ."

"मी मापात आहे, म्हाताऱ्या. तूच सरक!"

मिस्त्रीने इंजिन लगेच सुरू केलं नाही. पिस्टनच्या डोक्यावर मऊ मेणाचा गोळा ठेवून त्याने इंजिन हाताने हळूहळू फिरवलं आणि पुन्हा उघडलं. व्हॉल्व्हखालचं मेण कांद्याच्या सालीएवढं पातळ झालं होतं.

"दोघंही मापात," तो पुटपुटला, "पण एकमेकांच्या नाही."

आणि त्याने त्या चकचकीत डोक्यावर उथळ खळगा कोरला. पिस्टन रडून रडून थकला.

संध्याकाळी गाडी ओल्या वाळूवर निघाली. पिस्टन वर आला. व्हॉल्व्ह जीव मुठीत धरून खाली उतरला, पण कुठेच आपटला नाही. त्याच्यासोबत आलेली गार, खारी हवा आधी त्या खळग्यातच उतरली. तापलेल्या पिस्टनला वाटलं, दुखऱ्या जागेवर कुणी फुंकर घालतंय.

पुढच्या खेपेला वर येताना तो हळूच म्हणाला, "या काका. जागा ठेवलीय."