सरकारांच्या मोटारीच्या चार रेघा

राजे उदाजीरावांची मोटार चालता चालता डावीकडे ओढायची, आणि मोरदरा संस्थानात त्यावर एकच इलाज होता. ड्रायव्हर बदलायचा. पाच महिन्यांत तीन ड्रायव्हर घरी बसले होते. आता पाळी हैबतीची होती.

खरं तर मोटारीला काय झालंय हे अख्ख्या संस्थानाला ठाऊक होतं. सरकारांनी होळीच्या दिवशी हौसेने ती स्वतः हाकली आणि ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर नेऊन घातली. गाडी तीस वर्षांची जुनी, हौस मात्र नवी. पुढे मोटार शहरात गेली. तिथल्या पोफळे नावाच्या फिटरने चेपलेल्या पत्र्यावर पुट्टी थापली, वर निळाशार रंग मारला आणि ‘गाडी ठणठणीत आहे’ असा शिक्क्याचा कागद दिला. सरकारांचा शिक्क्यावर भारी जीव. डोळ्यांना दिसतं ते खोटं आणि शिक्क्याखाली लिहिलेलं खरं, असा एकूण कारभार.

“सरकार, माझा हात सरळ आहे,” हैबती म्हणाला. “गाडीची चासी वाकलीय, खालचा लोखंडी सांगाडाच. वरची बॉडी उचलून बाजूला ठेवायची, सांगाडा लाल तापवून ओढायचा, तडा गेलाय तिथे पट्टी जोडायची. पंधरा दिवसांचं काम आहे.”

“दसरा आठ दिवसांवर आलाय आणि तू माझ्या मोटारीची हाडं मोजतोस?” सरकार कडाडले. “उद्या खोली रिकामी कर.”

मोटारखान्याशेजारच्या त्या खोलीत हैबती आणि त्याची मुलगी सारजा राहत. दोघांना दुसरं घर नव्हतं. सारजा दारातच उभी होती. ती पुढे आली.

“सरकार, आबा म्हणतात ते मी दाखवून दिलं तर?”

पोफळे तिथेच होता. दसऱ्याच्या आधी पानसुपारी आणि शेला घ्यायला आला होता. तो फिसकन हसला. “दाखव की. पण माझ्या रंगाला बोट लावायचं नाही. गाडीखाली शिरायचं नाही. एक नट ढिला करायचा नाही.”

“बरोबर,” सरकारांना अट फारच आवडली. “हात न लावता, खाली न वाकता सिद्ध कर. नाहीतर बापलेकीने सूर्य मावळायच्या आत संस्थानाची हद्द ओलांडायची.”

“चालेल,” सारजा म्हणाली. “सकाळी सरकारांनी अंगणात यावं.”

हैबतीच्या तोंडचं पाणी पळालं. “अगं, चासी बघायला खाली शिरावंच लागतं.”

“तुम्हाला लागतं, आबा. मी रोज अंगण झाडते.”

सकाळी सरकार आले तेव्हा सारजा लोहाराच्या भट्टीतली राख पाट्या भरभरून अंगणात पसरत होती. मोटारखान्यापासून फाटकापर्यंत सरळ पट्टा. वरून तिने खराटा असा फिरवला की राख सारवल्यासारखी सपाट झाली.

“गाडीला राख फासणार की काय?” पोफळेने विचारलं.

“नाही, फिटरसाहेब. फासायचं काम तुमचं. तुम्ही ते चोख केलंय.”

पोफळेला मिरच्या झोंबल्या. सारजा सरकारांकडे वळली. “आधी दिवाणांची मोटार आबा नेतील.”

दिवाणांची मोटार म्हणजे नुसता खटारा. दार सुतळीने बांधलेलं, रंग कुठे होता ते शोधावं लागे. हैबतीने ती राखेवरून फाटकापर्यंत नेली. राखेत दोन रेघा उमटल्या, आखून काढल्यासारख्या.

“चाकं चार, रेघा दोन,” सारजा म्हणाली. “पुढच्या चाकाच्या खुणेवरूनच मागचं चाक गेलं. आता सरकारांची मोटार. पण ती आबांनी नेली तर त्यांनी मुद्दाम वाकडी नेली असं कुणी म्हणेल. म्हणून सरकारांनीच चालवावी. सरकारांच्या हाताला कोण नावं ठेवणार?”

जमलेल्या लोकांत कुणीतरी खोकलं. सरकारांनी मात्र मिशीवर हात फिरवला आणि रुबाबात मोटारीत बसले. सारजाने खराट्याने जुन्या रेघा पुसल्या. निळी मोटार राखेवरून फाटकापर्यंत गेली, सरकार उतरले आणि मागे वळून बघतात तो काय, राखेत चार रेघा! मागची चाकं पुढच्या चाकांच्या खुणा सोडून चार बोटं बाजूने गेलेली. मोटार खेकड्यासारखी तिरकी चालत होती आणि रंग ऊन पडून झळकत होता.

सरकारांचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं, “हा सगळा चालवणाऱ्याचा दोष आहे!”

दिवाण आभाळातले ढग बघू लागले.

सारजाने खराटा भिंतीला टेकवला. “सरकार, आज चालवत कोण होतं?”

सरकारांनी तिच्याकडे बघितलं, रेघांकडे बघितलं, आपल्या हातातल्या किल्लीकडे बघितलं. मग ते जे हसत सुटले ते मोटारीला टेकूनच उभे राहिले.

“पोरी, घातलंस मला राखेत! हैबती, उचल ती बॉडी आणि कर सांगाडा सरळ. मोटारखाना आजपासून तुझ्या हुकमात. आणि या पोफळ्याला शेला नको, भात्यावर बसवा. शिक्का मारणारा हात जरा भट्टी फुंकू दे.”

“आणि ते तीन ड्रायव्हर?” सारजाने विचारलं.

“बोलवा त्यांनाही,” सरकार डोळे पुसत म्हणाले. “पण मोटार पंधरा दिवस भट्टीवर. दसऱ्याच्या मिरवणुकीत मी बसू कशात?”

“बैलगाडीत बसा, सरकार. तिच्या दोनच रेघा पडतात. आणि वाकडी गेलीच, तर दोष द्यायला दोन बैल आहेत.”

सरकार पुन्हा हसले, ते थांबेचनात. पोफळेसाठी आणलेला शेला त्यांनी तिथल्या तिथे सारजाच्या खांद्यावर घातला. दसऱ्याला ते खरोखरच बैलगाडीत बसले, आणि कासरा हैबतीच्या हातात होता.