ठकाईचा दगड

डोंगरावर झाडं किती, हे विचारायची कुणाला गरजच पडत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. फार फार वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या कुशीत वावळी नावाचं गाव होतं आणि गावाला ठकाई नावाची सुईण होती. बुटकी, तोंडाने फटकळ, कपाळावर हिरवं गोंदण. गावातलं प्रत्येक पोर तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे पाटलालासुद्धा ती "ए शेंबड्या" म्हणायची आणि पाटील गपगुमान ऐकून घ्यायचा.

गावाशेजारून रानातला ओढा वाहायचा. वावळीची रीत अशी, की बाळ सव्वा महिन्याचं झालं की बाळंतिणीने त्याला ओढ्यावर न्यायचं. ठकाई पाण्यात उतरून एक दगड उलटायची. खालून खेकडा तुरुतुरु पळाला, की बायका ओरडायच्या, "आयुष्य घेऊन आलं गं बाळ!" मग ठकाई दगड होता तसा परत ठेवायची. "त्याचं घर हाय त्ये. तुमच्या घरावरचं छप्पर कुणी काढून नेलं तर चालंल व्हय?"

आणि खेकडा नाही निघाला तर? तर सगळ्या बाया बाळंतिणीकडे बघायच्या. बोलायचं काही नाही, नुसतं बघायचं. ते बघणं त्या बिचारीला जन्मभर पुरायचं.

पुढे गावात कोळशाच्या भट्ट्या आल्या. गावकरी चावडीवर बसले. ओढा म्हणजे आई, तिच्या काठाला राख नको, यावर सगळ्यांचं एकमत झालं. म्हणून भट्ट्या लावल्या कुठे? तर थेट डोंगराच्या सोंडेवर, ओढा निघतो त्याच्याही वर! धूर काय, वाऱ्याबरोबर निघून जाईल, असं वाटलं त्यांना. आणि सगळ्यात मोठी भट्टी होती खुद्द ठकाईच्या लेकाची, हैबतीची.

पण धूर जातोय कुठे? तो झाडांच्या पानांवर बसला. पावसात पानं धुतली गेली आणि ते काळं पाणी ओढ्यात उतरलं. भट्ट्यांसाठी झाडं पडली, सावली गेली, पाणी कोमट झालं. पाऊसही लहरी झाला. चैत्रभर वाहणारा ओढा शिमग्याआधीच आटायला लागला. हे सगळं इतकं हळूहळू झालं, की कुणाच्या लक्षातच आलं नाही.

ठकाईच्या मात्र आलं. पूर्वी एका दगडात काम भागायचं, आता ती वाकून वाकून दगडांमागून दगड उलटायची. मग तिने काय केलं माहीत आहे? चक्क लबाडी! सकाळीच पलीकडच्या दरीत जायची, एक खेकडा धरून ओच्यात लपवायची आणि दगड उलटताना हळूच सोडून द्यायची. खेकडा पोटाला नांग्या मारायचा, पण बाई हूं की चूं करायची नाही, असं म्हणतात. कितीतरी बाळंतिणी तिच्यामुळे मान ताठ ठेवून घरी गेल्या.

आणि मग ठकाईला नात झाली. तिची सून तुळसा आधीच भित्री. सव्वा महिना भरला त्या सकाळी ठकाई नेहमीसारखी पलीकडच्या दरीत गेली, तर तिथेही खेकडा नाही. वाऱ्याने धूर तिकडेही नेला होता. ती रिकाम्या ओच्याने परतली तेव्हा ओढ्यावर सगळा गाव जमला होता.

तिने दगड उलटला. काही नाही. दुसरा उलटला. काही नाही. बायांच्या माना तुळसाकडे वळायला लागल्या. तुळसाने बाळाला पदराखाली घेतलं.

"तिच्याकडं बघायचं न्हाई!" ठकाई कडाडली. "माझ्याकडं बघा. लई वरसं झाली, खेकडा माझ्या ओच्यातनं येतोय, ओढ्यातनं न्हाई!"

आणि ती ओढ्यातून वर चढायला लागली. एकेक दगड उलटायची, परत ठेवायची. मागे तुळसा, तिच्यामागे गाव. वाटेत ठकाईने एका पानावरून पदर फिरवला आणि तो काळाकुट्ट पदर पाटलाच्या नाकासमोर धरला. शेवटी पाणी संपलं आणि समोर हैबतीची भट्टी धुमसत होती. ठकाईने भट्टीच्या तोंडावरच्या दगडाला हात घातला.

"आये, नगं!" हैबती धावला. "वारा शिरला तर समदा माल जळून जाईल!"

"जळू दे. तुझ्या लेकीचा खेकडा ह्याच्याखाली मेलाय."

तिने दगड उचलला. हाताला फोडसुद्धा आला नाही, असं म्हणतात. मला विचाराल तर आला असणार, तिने कुणाला दाखवला नसणार! भट्टी भडकली आणि हैबतीचा सगळा माल राख झाला. तो आईकडे बघत राहिला, मग लेकीकडे. मग त्याने स्वतःच फावडं घेतलं आणि उरलेली भट्टी मोडून टाकली. त्याचं बघून बाकीच्यांनीही मोडल्या.

खेकडे लगेच परत आले असते तर काय हवं होतं! पण नाही आले. धूर मातीत मुरला होता. ठकाई सोंडेवर झाडं लावत म्हातारी झाली आणि एक दिवस ओढ्याच्या कडेने वर गेली, ती परतलीच नाही. काठावर फक्त तिची काठी सापडली.

नात मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला मूल झालं. ती बाळाला घेऊन ओढ्यावर आली, तिने भीतभीत दगड उलटला आणि खालून खेकडा पळाला! त्याच्या पाठीवर हिरवं गोंदण होतं, हुबेहूब ठकाईचं. म्हातारा हैबती पाण्यातच बसला आणि "आये, आलीस व्हय?" म्हणत लहान पोरासारखा रडला, असं म्हणतात.

आजही वावळीच्या सोंडेवर कुणी विडीसुद्धा पेटवत नाही. गोंदणाचा खेकडा कुणी धरत नाही. बाळं ओढ्यावर येतात, दगड उलटून होते तसे परत ठेवले जातात. अलीकडे कधीकधी दगडाखाली काहीच नसतं. धूर आता डोंगरापलीकडून येतो, पाऊसही वेळ पाळत नाही. पण तेव्हा बाळंतिणीकडे कुणी बघत नाही, ठकाईची शपथ आहे. सगळा गाव मान वर करतो आणि धूर कुठून येतोय ते शोधायला निघतो.